३४१ फुटांचा फटका

८ सप्टेंबर १९९८. अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या मैदानावर बेसबॉलपटू मार्क मॅग्वायरने त्या वर्षातला ६२वा होमरन, म्हणजे चेंडू थेट भिंतीपलीकडे नेणारा फटका मारला आणि रॉजर मॅरिसचा एका हंगामातल्या ६१ होमरनचा विक्रम ३७ वर्षांनी मोडला. मी तेव्हा शिकागोत नोकरीला होतो. बेसबॉल नुकताच कळायला लागला होता. समोर आमचाच संघ होता, शिकागो कब्ज. म्हणजे फटका बसला तो आमच्याच पिचरला, चेंडू टाकणाऱ्याला, तरी टीव्हीपुढे उभं राहून मी टाळ्या वाजवत होतो. होमरननंतरही धावत चारही बेसना पाय लावावा लागतो. मॅग्वायर इतका हरखला होता की पहिल्या बेसला पाय लावायलाच विसरला आणि मागे येऊन लावून गेला. त्याच विक्रमामागे धावणारा आमचा सॅमी सोसा पळत आला आणि त्याला बिलगला. मॅरिसची मुलं प्रेक्षकांत बसली होती. त्यांनाही मॅग्वायरने जाऊन मिठी मारली.

तो फटका ३४१ फुटांचा होता. त्या हंगामातल्या त्याच्या ७० होमरनमधला सर्वांत आखूड. चेंडू डावीकडच्या भिंतीवरून जेमतेम पलीकडे गेला. हे ‘जेमतेम’ पुढे अनेक वर्षं माझ्या डोक्यातून गेलं नाही.

त्याच ऑगस्टमध्ये एका पत्रकाराला मॅग्वायरच्या कपाटात अँड्रोस्टेनडायोनची बाटली दिसली होती. शरीर या पदार्थाचं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे स्नायू वाढवणारं पुरुषी हार्मोन करतं. ऑलिंपिकमध्ये त्यावर बंदी होती, बेसबॉलमध्ये नव्हती, आणि अमेरिकेत तो दुकानात सरळ विकत मिळायचा. पुढे जानेवारी २०१० मध्ये मॅग्वायरने स्टेरॉइड, म्हणजे टेस्टोस्टेरॉनसारखी औषधं घेतल्याचं कबूल केलं, १९९८ सालीसुद्धा. मात्र त्याचं म्हणणं असं, की ते दुखापती भरून येण्यासाठी होतं, होमरन त्याशिवायही झालेच असते.

नजर आणि हात त्याचेच होते, हे मला मान्य आहे. पिचरच्या हातून सुटलेला चेंडू साधारण ०.४ सेकंदात फलंदाजापर्यंत पोचतो. तो ओळखून बॅटच्या नेमक्या जागी घेणं कुठल्याही इंजेक्शनने येत नाही. त्यापुढचं मात्र मला पटत नाही.

१९९६ साली डॉ. शलेंदर भसीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांनी ४३ निरोगी पुरुषांना दहा आठवडे तपासलं. काहींना आठवड्याला ६०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन दिलं, काहींना औषध नसलेलं इंजेक्शन. दोन्हींकडच्या काही जणांना वजनं उचलायला लावली, बाकीच्यांना व्यायाम बंद. चरबी वगळून शरीराचं वजन मोजलं, तेव्हा नुसता व्यायाम करणाऱ्यांचं सुमारे २ किलो वाढलं होतं. नुसतं औषध घेऊन बसून राहिलेल्यांचं ३ किलो. दोन्ही करणाऱ्यांचं ६ किलो. घाम न गाळणारा घाम गाळणाऱ्याच्या पुढे गेला, यावर मी बराच वेळ अडकलो होतो.

आता हे ६ किलो मैदानात काय करतात? टफ्ट्स विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ रॉजर टोबिन यांनी २००८ साली त्याचं गणित मांडलं. स्नायू १० टक्के वाढले, तर बॅटचा वेग सुमारे ५ टक्के वाढतो आणि चेंडूचा सुमारे ४ टक्के. दिसायला किरकोळ. पण बलवान फलंदाजाचे कितीतरी फटके भिंतीच्या अलीकडे थोडक्यात झेलले जातात. तेवढ्या ४ टक्क्यांनी त्यांतले बरेच पलीकडे जातात. शंभर फटक्यांत दहा होमरन मारणारा पंधरा मारू लागतो. वेग ४ टक्के, होमरन ५० टक्के!

शिवाय दुखापत भरून येणं म्हणजे तरी काय? हंगामात १६२ सामने, जवळजवळ रोज एक. १९९३ मध्ये मॅग्वायर २७ सामने खेळू शकला होता, १९९४ मध्ये ४७. ज्याचं शरीर लवकर सावरतं, तो जास्त वेळा बॅट घेऊन उभा राहतो. या खेळात तो फायदाच आहे, आणि मोठा.

चोरी पकडायची पद्धत मला फार आवडते, कारण तिची किल्ली आपल्या ताटात आहे. ज्वारी, बाजरी, मका, ऊस ही पिकं हवेतला कार्बन वेगळ्या रीतीने पकडतात, म्हणून त्यांच्यात कार्बन-१३ हा किंचित जड कार्बन थोडा जास्त असतो. गहू, तांदूळ, सोयाबीन यांच्यात कमी. औषधी टेस्टोस्टेरॉन बहुधा सोयाबीनसारख्या वनस्पतींपासून बनतं, तर शरीर स्वतः बनवतं त्यावर आपल्या सगळ्या जेवणाचा ठसा असतो. अमेरिकेत मका खाण्यात, गोडव्यात आणि जनावरांच्या चाऱ्यात, सगळीकडे असतो. म्हणून लघवीतल्या टेस्टोस्टेरॉनचा कार्बन सोयाबीनसारखा हलका निघाला, की ते बाहेरून आलंय हे कळतं. भाकरीवर वाढलेल्या सोलापूरच्या पैलवानाच्या बाबतीत तर हा फरक आणखी ठळक दिसावा.

बेसबॉलमध्ये २००३ साली नावं न जाहीर करता चाचण्या घेतल्या गेल्या. ५ टक्क्यांहून जास्त नमुने दोषी निघाले, म्हणून २००४ पासून चाचण्या कायमच्या झाल्या. आज पहिल्या गुन्ह्याला ८० सामन्यांची बंदी आहे. मला ती पुरेशी वाटत नाही. स्नायूचा एकेक तंतू म्हणजे अनेक केंद्रकं असलेली लांबलचक पेशी. टेस्टोस्टेरॉनमुळे शेजारच्या पेशी तंतूत मिसळतात आणि केंद्रकं वाढतात. ऑस्लोच्या संशोधकांनी २०१३ साली उंदरांवर दाखवलं, की औषध थांबवून तीन महिने झाले, स्नायू पुन्हा बारीक झाले, तरी ती जास्तीची केंद्रकं तिथेच होती. व्यायाम मिळताच ते स्नायू सहा दिवसांत सुमारे ३० टक्के फुगले. औषध न घेतलेल्या उंदरांत तशी वाढ झाली नाही. माणसातही असंच घडत असेल, तर बंदी संपवून परतणारा खेळाडू फायदा सोबत घेऊनच परततो. आणि ज्याने इंजेक्शनला नकार दिला, तो दुय्यम लीगमध्ये बसने गावोगाव फिरत कारकीर्द संपवतो. त्याचं नाव आपल्याला कधी कळतही नाही. माझा राग त्याच्यासाठी आहे.

त्या ३४१ फुटांतले किती औषधाचे, हे कुणालाच सांगता येणार नाही. टोबिन यांचं गणित शेकडो फटक्यांचं आहे, एका फटक्याचं नाही. कदाचित तो चेंडू तसाही गेला असता.

४ ऑक्टोबर २०२२ला टेक्सासमध्ये ॲरन जजने त्या वर्षातला ६२वा होमरन मारला. चाचण्यांच्या काळातला खेळाडू. खरा विक्रम हाच, असं मॅरिसच्या मुलाने जाहीर सांगितलं. मी तो सामना पुण्यात पहाटे उठून पाहिला आणि पुन्हा उभा राहिलो. विक्रमांच्या यादीत जजचे ६२ सातव्या जागी आहेत. वरचे सहाही आकडे मॅग्वायर, सोसा आणि बॅरी बॉन्ड्स या तिघांचे, चाचण्यांआधीच्या काळातले.