कुपीवरचा चौकोन आणि त्यामागचा पैसा

मे महिन्यात सोलापूरचा पारा ४२ अंशांच्या वर जातो, पण लसीकरणाची सत्रं काही थांबत नाहीत. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या आयएलआरमध्ये, म्हणजे बर्फाचं अस्तर असलेल्या फ्रिजमध्ये, लस २ ते ८ अंशांत ठेवलेली असते. तिथून ती आइसपॅक घातलेल्या व्हॅक्सिन कॅरिअरमधून उपकेंद्रावर किंवा अंगणवाडीत जाते. वाटेत गाडी बंद पडली, झाकण नीट बसलं नाही, कॅरिअर उन्हात राहिला, तर लस कमजोर होते. दिसायला मात्र ती जशीच्या तशी राहते.

म्हणून कुपीवर एक जांभळट वर्तुळ असतं आणि त्याच्या आत फिका चौकोन. याला व्हीव्हीएम, म्हणजे व्हॅक्सिन व्हायल मॉनिटर म्हणतात. चौकोनातलं रसायन उष्णतेनं हळूहळू गडद होतं. चौकोन वर्तुळापेक्षा फिका असेल तर लस वापरायची. दोन्हींचा रंग सारखा झाला किंवा चौकोन जास्त गडद झाला, तर कुपी बाजूला काढायची. परत फ्रिजमध्ये ठेवून तो रंग उतरत नाही, कारण त्यात कुपीनं आजवर सोसलेल्या उष्णतेची बेरीज असते. पोलिओच्या थेंबांच्या कुपीवर सर्वांत नाजूक प्रकारचा चौकोन लावतात: ३७ अंशांत तो साधारण २ दिवसांत शेवटच्या टप्प्याला पोहोचतो. हिपॅटायटिस बीसारख्या टिकाऊ लसीवर ३० दिवसांचा चौकोन चालतो.

एक गोष्ट मात्र हा चौकोन सांगत नाही: लस गोठली होती का. पेंटाव्हॅलंट, म्हणजे पाच रोगांवरची एकत्र लस, किंवा हिपॅटायटिस बीची लस गोठली की तिच्यातल्या ॲल्युमिनियमच्या क्षाराच्या गुठळ्या होतात आणि लस वाया जाते. चौकोन तरीही फिकाच. उन्हाच्या धास्तीनं डीप फ्रीझरमधून काढलेले आइसपॅक तसेच कॅरिअरमध्ये घातले की हेच होतं. पॅक बाहेर ठेवायचे, कानाशी हलवून आत पाणी वाजतंय का ते बघायचं, मगच घालायचे. घाईच्या सकाळी नेमकी हीच पायरी गाळली जाते.

पाथ या ना-नफा संस्थेच्या पुढाकारानं विकसित झालेलं हे चिन्ह १९९६मध्ये पहिल्यांदा पोलिओच्या कुपीवर आलं. खर्च वाढवणारं आणि आपलाच माल बाद ठरवू शकणारं लेबल लावायला कंपन्यांना स्वतःहून फारसं कारण नव्हतं. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी ते मागितलं, म्हणून ते लागलं. मापदंड ठरवणारा विकणाऱ्याचा मिंधा नसला, की असा उपयोगी पडतो.

आंतरराष्ट्रीय आरोग्य सहकार्य म्हटलं की सोलापुरात पहिलं नाव निघतं ते १९३८मध्ये चीनला गेलेल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं. आजचं बरंचसं सहकार्य इतकं ठळक दिसत नाही. गोवराचंच घ्या. एक रुग्ण लस न घेतलेल्या वस्तीत १२ ते १८ जणांना लागण देऊ शकतो, आणि तो खोलीतून गेल्यावरही विषाणू हवेत दोन तासांपर्यंत राहू शकतो. ऊसतोडीच्या हंगामात कुटुंबं जिल्ह्याची, राज्याची हद्द ओलांडतात; त्यांच्या मुलांचा दुसरा डोस राहून जातो. आषाढीला पंढरपुरात लाखो माणसं एकत्र येतात. अशा ठिकाणी पुरळ आलेल्या मुलाचा नमुना तपासून अहवाल लवकर मिळणं फार मोलाचं असतं. विषाणूच्या जनुकीय क्रमावरून तो इथलाच की बाहेरून आलेला, हेही कळतं; पण त्यासाठी जगभरातले क्रम एकाच ठिकाणी जमलेले हवेत. प्रयोगशाळेचं उत्तर बरोबर येतंय ना, हे पाहायला तिला दरवर्षी आतलं उत्तर न सांगता नमुन्यांचा संच पाठवून तपासावं लागतं.

हे सगळं ज्या जाळ्यातून होतं, त्यात ७००हून अधिक प्रयोगशाळा आहेत. मार्च २०२५मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या महासंचालकांनी जाहीर केलं की हे जागतिक जाळं केवळ अमेरिकेच्या निधीवर चालत होतं आणि आता बंद पडण्याच्या बेतात आहे. एका देशाचं धोरण बदललं आणि सगळ्यांची यंत्रणा टांगणीला लागली! पुण्याच्या एनआयव्हीला, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेला, भारत सरकारचा आधार आहे. गरीब देशातल्या प्रयोगशाळेकडे किट संपले, तर तिथला उद्रेक उशिरा कळेल, आणि आपल्यालाही तो उशिराच कळेल.

दोष पैशाच्या घडणीत आहे. संघटनेचे सभासद देश ठरलेली वर्गणी देतात, पण अलीकडच्या वर्षांत ती एकूण खर्चाच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी भरत होती. बाकीचा बहुतेक निधी ऐच्छिक, आणि तोही देणाऱ्यानं ठरवलेल्या कामाला बांधलेला. अशा निधीतून मोहिमा उभ्या राहतात, हे खरं. पोलिओच्या मोहिमेनं ते दाखवलं आहे. पण प्रयोगशाळेची चाचणी, तापमानाचे मापदंड, साठवणुकीच्या उपकरणांची तपासणी यांना स्वतंत्र देणगीदार क्वचितच भेटतो.

म्हणून २०२२मध्ये सभासद देशांनी ठरवलं की २०३०-३१पर्यंत वर्गणीचा वाटा मूळ अंदाजपत्रकाच्या निम्म्यावर न्यायचा. मे २०२५मध्ये वर्गणीत २० टक्क्यांची दुसरी वाढ मंजूर झाली. हा पैसा कुठल्या एका रोगाला किंवा एका देणगीदाराला बांधलेला नसतो, त्यामुळे गोवराचे किट, जनुकीय क्रमांची नोंद आणि प्रयोगशाळांची वार्षिक परीक्षा यांवर तो सर्वांत आधी खर्च व्हायला हवा.