कापसाचा काटा आणि इंजिनाचा बोल्ट

कपाशीच्या फवारणीचे दिवस आले की यवतमाळ-वर्ध्याकडच्या गावांत पाठीवरचे पेट्रोलवर चालणारे फवारणी पंप बाहेर निघतात. ते उघडून परत जोडताना हमखास ऐकू येतं, "कच्चून आवळ, ढिला नको ठेवू." सल्ला अर्धाच बरोबर आहे. या इंजिनांचं अंग अ‍ॅल्युमिनियमचं असतं आणि बोल्ट पोलादाचा. जोर जास्त झाला की आटे जातात ते अ‍ॅल्युमिनियमचे.

बोल्टचं डोकं टेकल्यावर पाना पुढे फिरवला की बोल्ट किंचित ताणला जातो. तो आखडू पाहतो आणि दोन्ही भाग एकमेकांवर दाबून धरतो. जोड टिकतो या दाबावर. पण पान्याला लावलेल्या जोरातला जेमतेम दहावा हिस्सा या ताणाच्या कामी येतो. जवळपास निम्मा डोक्याखालच्या घर्षणात जातो, उरलेला आट्यांतल्या. म्हणून हाताचा अंदाज फसतो. आट्यांत माती किंवा गंज असला तर बोल्ट घट्ट लागतो, पण ताण आलेलाच नसतो. ऑइल लागलेलं असेल तर उलटं होतं : तेवढ्याच जोरात ताण पाव हिश्शाने, कधी त्याहून जास्त वाढतो. आवळण्याआधी आटे ब्रशने साफ करायचे ते यासाठी.

आता जोर किती? १० नंबरचा पाना लागतो तो ६ मिलिमीटरचा बोल्ट अ‍ॅल्युमिनियममध्ये साधारण ८ ते १० न्यूटन-मीटरला (हे फिरवण्याच्या जोराचं माप) आवळतात. मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच खरा. १४ सेंटिमीटरच्या पान्यावर धडधाकट माणसाने ३० किलोचा हिसका दिला तर होतात ४१ न्यूटन-मीटर, म्हणजे चौपट. पान्यात पाइप घालणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको.

हा जोर मोजणारा पाना, म्हणजे टॉर्क रेंच, गावात कुणाकडे नसतो, पण वेचलेला कापूस मोजायचा लटकता काटा असतो. तो चालतो. टॉर्क म्हणजे ओढ गुणिले अंतर, एवढंच. बोल्टच्या मध्यापासून २० सेंटिमीटरवर पान्याला दोरी बांधा, तिच्यात काट्याचा हुक अडकवा आणि पान्याशी काटकोनात हळूहळू ओढा. ५ किलो दिसले की झाले ९.८ न्यूटन-मीटर. पाना आखूड असेल तर १० सेंटिमीटरवर १० किलो. आकडा वाचायचा तो पाना सरकत असताना. थांबलेला बोल्ट पुन्हा हलवायला जास्त जोर लागतो आणि काटा उगाच मोठा आकडा दाखवतो. दोरी तिरपी झाली तरी हिशेब चुकतो.

काटा नसेल तर पाना बोल्टच्या डोक्याजवळ धरा. अंतर कमी झालं की बोल्टवर जोर आपोआप कमी पडतो. आणि पाना फिरतोय पण जोर वाढत नाही असं वाटलं, तर तिथेच थांबा. आटे सुटू लागले आहेत.

स्पार्क प्लगला काटाही लागत नाही. वॉशरवाला नवा प्लग हाताने टेकेपर्यंत फिरवायचा, मग पान्याने अर्धा फेरा. जुनाच परत बसवत असाल तर वॉशर आधीच चेपलेला असतो, त्याला फेऱ्याचा आठवा ते चौथा भाग पुरे. इंजिन मात्र गार हवं.

बोल्ट सुटतो कसा, हे गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ साली दाखवलं. बोल्टला आडवे धक्के बसले आणि जोडातले भाग सरकू लागले की बोल्ट आपोआप उलटा फिरतो. भाग सरकू न देणं हे दाबाचं काम आहे. बोल्ट सुटू नये म्हणून डोक्याखाली घालतात त्या स्प्रिंग वॉशरवर माझा म्हणूनच फारसा भरवसा नाही.

सिलिंडरचे चार बोल्ट एका दमात आवळू नयेत. समोरासमोरचे घेत आधी निम्म्या आकड्याला, मग पूर्ण. सायलेन्सरचे बोल्ट इंजिन एकदा तापून पुरतं गार झालं की पुन्हा काट्यावर बघावेत. दोन भागांच्या मधली गॅस्केट तापून दबते आणि ताण उतरतो.