रनिंग-कॉन्फिग आणि स्टार्टअप-कॉन्फिग: लागू झालं, पण सेव्ह झालं का?

सिस्कोच्या कॅटॅलिस्ट स्विचवर (नेटवर्कमधली यंत्रं एकमेकांना जोडणारी पेटी) एखादा पोर्ट व्हीलॅन ३० मध्ये (व्हीलॅन म्हणजे त्याच स्विचवर वेगळं केलेलं नेटवर्क) टाकला की एंटर दाबताक्षणी तो तिथे गेलेला असतो. लगेच पिंग (पलीकडचं यंत्र उत्तर देतं का, ही चाचणी) लागतं, समोरचा माणूस "चालू झालं" म्हणतो आणि आपण लॅपटॉप बंद करतो. घोळ होतो तो इथेच.

आपण बदलली ती रनिंग-कॉन्फिग, म्हणजे सध्या लागू असलेली सेटिंग्ज. ती रॅममध्ये असते आणि स्विच या क्षणी तिच्याप्रमाणे वागत असतो. स्टार्टअप-कॉन्फिग ही वेगळी फाइल. स्विच चालू होताना ती एकदा वाचतो आणि तिच्यावरूनच नवी रनिंग-कॉन्फिग तयार होते. वीज गेली की रॅम रिकामी होते आणि फाइलमध्ये जे होतं तेवढंच परत येतं. फरक स्क्रीनवरही दिसतो: 'शो रनिंग-कॉन्फिग' दिलं की आधी 'बिल्डिंग कॉन्फिगरेशन' अशी ओळ येते, कारण ती यादी त्या वेळी तयार होत असते. 'शो स्टार्टअप-कॉन्फिग' मात्र किती बाइट वापरले ते सांगून ठेवलेली फाइल समोर धरतं.

एका कारखान्यात मी हजेरीच्या मशीनचा पोर्ट असाच बदलला होता आणि सेव्ह करायचं राहिलं. काही आठवड्यांनी रात्री यूपीएसने दम तोडला आणि सकाळी गेटवर रांग लागली. मी 'शो व्हीलॅन ब्रीफ' पाहिलं तर व्हीलॅन ३० नावासकट जागेवर होता, म्हणून मला वाटलं कॉन्फिग शाबूत आहे आणि मी केबल तपासत बसलो. त्या ओळीत पोर्टचा रकाना रिकामा होता, ते बऱ्याच उशिरा लक्षात आलं. व्हीटीपी (स्विचमध्ये व्हीलॅनची यादी वाटणारी सोय) सर्व्हर मोडमध्ये असेल तर व्हीलॅनची नोंद फ्लॅशमधल्या (वीज गेली तरी टिकणारी मेमरी) 'व्हीलॅन डॉट डॅट' या तिसऱ्याच फाइलमध्ये आपोआप जाते; कोणता पोर्ट कोणत्या व्हीलॅनमध्ये, ही नोंद मात्र जात नाही. याच कारणाने 'इरेज स्टार्टअप-कॉन्फिग' करून रीलोड (रीस्टार्ट) केलेल्या जुन्या स्विचवरही आधीचे व्हीलॅन तसेच राहतात.

सेव्ह करायचं म्हणजे 'कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग'. फाइलचं नाव विचारलं की नुसतं एंटर दाबायचं. 'राइट मेमरी' तेच काम न विचारता करतं. रोजच्या बोलण्यात आपण "डब्ल्यूआर मार" म्हणतो ते हेच.

उलट दिशेची कॉपी मात्र फसवी आहे आणि याबद्दल फारसं कुणी बजावून सांगत नाही. बदल अंगाशी आला म्हणून 'कॉपी स्टार्टअप-कॉन्फिग रनिंग-कॉन्फिग' दिलं, तर जुनी स्थिती परत येत नाही. रनिंग-कॉन्फिग पुसली जात नाही. फाइलमधल्या ओळी तिच्यावर एकेक करून टाइप केल्यासारख्या लागू होतात. समजा, चुकून अपलिंकला (मुख्य नेटवर्ककडे जाणाऱ्या पोर्टला) 'शटडाउन' दिलं. स्विचचा पोर्ट मुळात चालूच असतो, त्यामुळे फाइलमध्ये 'नो शटडाउन' ही ओळच नसते. मग कॉपी होऊनही पोर्ट बंदच राहतो. पूर्ण बदली हवी असेल तर 'कॉन्फिगर रिप्लेस' वापरा, किंवा सेव्ह न करता रीलोड द्या. रीलोड देताना 'बदल सेव्ह करू का' असं स्विच विचारतो. तिथे सवयीने 'यस' दाबलं तर चूकच कायमची होते.

न सेव्ह केलेलं पुसलं जातं, हे दूरच्या स्विचवर काम करताना उपयोगीही पडतं. आधी चांगली कॉन्फिग सेव्ह करा, मग 'रीलोड इन १०' द्या आणि जोखमीचा बदल करा. संपर्क तुटला तर दहा मिनिटांनी स्विच स्वतः रीस्टार्ट होऊन जुन्या फाइलवर येतो. संपर्क टिकला तर आधी 'रीलोड कॅन्सल', मगच 'राइट मेमरी'. सेव्ह केलं आणि कॅन्सल विसरलात, तर दहाव्या मिनिटाला चालू ऑफिसचं नेटवर्क खाली जाईल.