महाबळेश्वरची हॉटेले आणि भाडेपट्ट्याचा जुना गुंता

महाबळेश्वरात एखाद्या बड्या हॉटेलवर कारवाई झाली की चर्चा वाढीव मजल्यांवर येऊन थांबते. खरा गुंता जमिनीचा आहे. 1829 मध्ये सातारच्या महाराजांनी हे पठार इंग्रजांना दिले आणि बदल्यात सातारा जिल्ह्यातले खंडाळा गाव घेतले. वेण्णा तलाव 1842 मधला, तोही सातारच्या गादीनेच बांधलेला. पुढे 1849 मध्ये संस्थान खालसा झाले आणि वर पठारावर माल्कम पेठ ही इंग्रजांची वस्ती वाढत गेली.

मोठ्या साहेबांसाठी बंगले उठले. जांभ्या दगडाच्या भिंती, उतरते छप्पर, रुंद व्हरांडा, खोलीत शेकोटी. वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, म्हणून मे संपता संपता भिंतींना गवताच्या झडी बांधायच्या. मुक्काम उन्हाळ्यापुरता. इथली बरीच जुनी हॉटेले अशाच बंगल्यांतून निघाली. स्वातंत्र्यानंतर मुंबई-गुजरातची कुटुंबे सीझनला येऊ लागली, तशा नोकरांच्या चाळींच्याही खोल्या झाल्या.

वाद इथेच आहे. बंगल्यांचे कितीतरी भूखंड सरकारने भाडेपट्ट्याने दिलेले, तेही राहण्यासाठी. तिथे हॉटेल चालवणे म्हणजे शर्तभंग, असे महसूल खाते म्हणते. पट्टेदार म्हणतात, पिढ्यान्‌पिढ्या आम्ही वास्तू राखली, पाहुणे ठेवले नाहीत तर दरवर्षीचा झडी-छपराचा खर्च निघणार कुठून? या म्हणण्यात तथ्य आहे. पण जुना बंगला जपायला पाहुणे ठेवणे वेगळे आणि त्याच आवारात झाडे तोडून सिमेंटची इमारत उभी करणे वेगळे. कित्येक पट्ट्यांची मुदत संपली, नूतनीकरण रखडले, आणि त्या मधल्या काळात बांधकामे मात्र उरकली गेली. निर्णय लांबवण्याचा फायदा ज्याच्याकडे पैसा होता त्यालाच झाला. बंगला प्रामाणिकपणे सांभाळणारा आजही दुरुस्तीच्या परवानगीसाठी हेलपाटे घालतो.

जानेवारी 2001 मध्ये केंद्राने महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर केला. वृक्षतोड आणि उतारावरची बांधकामे यांवर बंधने आली, आणि पट्ट्याच्या जुन्या वादात पर्यावरणाचीही अट शिरली. त्यानंतर रिसॉर्टवाल्यांची नजर खालच्या गावांकडे वळली. आता जावळी, पाटण आणि सातारा तालुक्यांतल्या 235 गावांसाठी ‘नवीन महाबळेश्वर’चा आराखडा पुढे आला आहे. तिथे जमीन सरकारी पट्ट्याची नाही, बरीचशी शेतकऱ्यांच्या सातबाऱ्यावरची आहे, आणि तिचे व्यवहार आराखड्याच्या आधीपासूनच चालू आहेत.