शाळेच्या वाटेवर लष्करी जीप : दक्षिण हेब्रॉनची पार्श्वभूमी

वेस्ट बँकच्या दक्षिण टोकाला, हेब्रॉनच्या खालच्या डोंगरांत, तुबा नावाची पॅलेस्टिनी मेंढपाळांची छोटी वस्ती आहे. तिथली मुले शाळेला शेजारच्या अत-तुवानी गावी जातात. जवळच्या वाटेने अर्धा तासही लागत नाही. पण ही वाट माओन ही ज्यू वसाहत आणि तिला लागून उभी राहिलेली हव्हात माओन ही वस्ती यांच्या मधून जाते. २००४ साली या वाटेवर मुलांसोबत इस्रायली लष्कराची जीप द्यायचे ठरले. सहा-सात वर्षांच्या पोरांना वर्गापर्यंत पोचवायला सैनिक का लागावेत, हे समजून घ्यायचे तर बरेच मागे जावे लागते.

१९६७ च्या युद्धात इस्रायलने वेस्ट बँक जॉर्डनकडून जिंकून घेतली. हेब्रॉन हे मुस्लिम आणि ज्यू अशा दोघांचेही पवित्र शहर. १९२९ च्या दंगलीत इथल्या ६७ ज्यूंची हत्या झाली आणि तिथला जुना ज्यू समाज उठून गेला. ती जखम खरी आहे आणि पुढच्या इतिहासात ती वारंवार पुढे केली गेली. १९७९ मध्ये शहरालगतच्या किर्यात अर्बा वसाहतीतल्या काही स्त्रिया मुलांना घेऊन बेत हदासा या जुन्या ज्यू दवाखान्याच्या इमारतीत शिरल्या आणि तिथेच राहिल्या. या इमारतीच्या समोरच, पायऱ्या चढून गेल्यावर, पॅलेस्टिनी मुलांची कुर्तुबा शाळा आहे.

दक्षिणेच्या डोंगरांत वेगळे घडत होते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला माओन वसली. त्याच सुमारास मसाफर यत्ता या परिसराचा मोठा भाग लष्कराने सरावासाठी ‘गोळीबार क्षेत्र ९१८’ म्हणून जाहीर केला. तेव्हाचे कृषिमंत्री एरियल शेरॉन यांनी १९८१ च्या एका बैठकीत या डोंगरांत अरब गावे पसरू नयेत म्हणून सरावाचे क्षेत्र वाढवण्याची सूचना केल्याचे इतिवृत्त २०२० मध्ये उजेडात आले. सरकारचे न्यायालयातले म्हणणे मात्र असे होते की, हे लोक इथले कायमचे रहिवासी नव्हतेच. पिढ्यान् पिढ्या गुहांत राहून मेंढ्या राखणाऱ्यांना हे सांगितले गेले.

डिसेंबर १९८७ मध्ये पहिला इंतिफादा, म्हणजे इस्रायली ताब्याविरुद्धचा पॅलेस्टिनींचा उठाव, पेटला आणि १९८८ च्या सुरुवातीला लष्कराने वेस्ट बँकमधल्या शाळाच बंद केल्या. शिक्षकांनी घरांतून आणि मशिदींतून वर्ग भरवले. ते वर्ग चालवणाऱ्या लोकसमित्यांवर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बंदी आली. शिकवायला जाणे हाच तेव्हा गुन्हा ठरू शकत होता.

शहरातली वाट खऱ्या अर्थाने तुटली ती १९९४ नंतर. त्या वर्षी २५ फेब्रुवारीला किर्यात अर्बातल्या बारुख गोल्डस्टीनने इब्राहिमी मशिदीत नमाज पढणाऱ्या २९ जणांना गोळ्या घालून मारले. त्यानंतर निर्बंध मात्र पॅलेस्टिनींवरच आले. शुहादा रस्ता ही गावाची मुख्य बाजारपेठ. ती त्यांच्यासाठी टप्प्याटप्प्याने बंद होत गेली. १९९७ च्या करारात शहराचे दोन भाग झाले. एच-१ पॅलेस्टिनी प्रशासनाकडे आणि सुमारे २० टक्क्यांचा एच-२ इस्रायली लष्कराच्या ताब्यात. २००० मध्ये दुसरा इंतिफादा सुरू झाला, तेव्हा पहिल्या तीन वर्षांत एच-२ मध्ये ३७७ हून अधिक दिवस संचारबंदी होती. कुर्तुबाच्या शिक्षकांना शाळा गाठायला तपासणी नाका ओलांडावा लागे. इतरत्रही नाक्यांवर अडकून पडणाऱ्या शिक्षकांची बदली घराजवळच्या शाळांत करणे पॅलेस्टिनी शिक्षण खात्याला भाग पडले.

मुलांना सोबत करण्याची प्रथा याच काळात रुजली. जागतिक चर्च परिषदेने २००२ मध्ये सुरू केलेल्या उपक्रमाचे परदेशी स्वयंसेवक सकाळी नाक्यांवर आणि शाळेच्या रस्त्यांवर उभे राहू लागले. तुबाच्या वाटेवर दुसऱ्या दोन संस्थांचे लोक मुलांबरोबर चालत. सप्टेंबर २००४ मध्ये तोंडे बांधलेल्या हल्लेखोरांनी साखळ्या आणि दांडक्यांनी त्यांच्यातल्या दोघांना मारले. एकीचा हात मोडला, दुसऱ्याच्या फुप्फुसाला इजा झाली. पुढच्या महिन्यात पुन्हा हल्ला झाला. बातम्या जगभर गेल्या आणि नोव्हेंबरमध्ये इस्रायली संसदेच्या बालहक्क समितीने लष्करी सोबत देण्यास सांगितले.

या तोडग्यातली खोट मला सगळ्यात जास्त बोचते. हव्हात माओन तेव्हा इस्रायलच्या स्वतःच्या कायद्यानेही विनापरवाना होती. ती हटवण्याऐवजी मुलांना पहारा दिला गेला. मग जीप कधी उशिरा येई, कधी येतच नसे. अशा दिवशी मुलांपुढे दोनच मार्ग उरत : धोका पत्करून तीच वाट धरायची किंवा डोंगरांतून लांबचा वळसा घेऊन उशिरा पोचायचे. सोबतीला आलेले परदेशी लोक या सगळ्याच्या नोंदी ठेवत राहिले.

पुढे हे साक्षीदारही कमी झाले. जानेवारी २०१९ मध्ये पंतप्रधान नेतान्याहू यांनी हेब्रॉनमधल्या आंतरराष्ट्रीय निरीक्षक पथकाची मुदत वाढवण्यास नकार दिला. नॉर्वे, स्वीडन, इटली, स्वित्झर्लंड आणि तुर्कस्तान या देशांचे ते पथक निघून गेले. त्याच सुमारास चर्च परिषदेनेही छळाचे कारण देऊन शहरातले आपले स्वयंसेवक मागे घेतले.

मसाफर यत्ताचा खटला दोन दशकांहून जास्त चालला. १९९९ मध्ये सुमारे ७०० लोकांना हाकलले गेले होते. २००० मध्ये अंतरिम आदेशाने ते परतले. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लष्कराच्या बाजूने निकाल दिला आणि हजाराहून अधिक लोकांच्या हकालपट्टीचा मार्ग मोकळा झाला. त्या वर्षी शाळा उघडल्या तेव्हा शिक्षकांच्या गाड्या वाटेत अडवल्या गेल्या. २३ नोव्हेंबरला इस्फे अल-फौका इथली शाळाच पाडण्यात आली. ती उभी केली होती, कारण लहान मुलांना दूरच्या गावी चालत जावे लागू नये.