टॉप गिअरमधले किलोमीटर जमेस धरू नका

ओव्हरहॉल झालेला, म्हणजे उघडून दुरुस्त केलेला गिअरबॉक्स मालकाच्या ताब्यात येतो तो बहुतेक वेळा एकाच सूचनेसह: पहिले ५०० किलोमीटर जपून चालवा. मग ठाण्याहून पहाटे निघायचं, एक्स्प्रेसवेवरून एका लयीत लोणावळा गाठायचं आणि परत यायचं, असा बेत ठरतो. अशा दोन-चार फेऱ्यांत आकडा पुरा होतो, पण गिअरबॉक्स मात्र रुळलेला नसतो.

एमजीबी या ब्रिटिश गाडीसारख्या, मागच्या चाकांना जोर देणाऱ्या, चार गिअरच्या जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये चौथा गिअर थेट असतो. इंजिनाकडून येणारा इनपुट शाफ्ट आणि चाकांकडे जाणारा मेनशाफ्ट एकमेकांना जोडले जातात आणि इंजिनाचा जोर सरळ मागे जातो. खालचा लेशाफ्ट (एरवी या दोघांमध्ये जोर नेणारा दातेरी दांडा) फिरत राहतो, पण त्याच्या दात्यांवर भार नसतो. म्हणजे चौथ्यात कापलेल्या अंतरात दाते नुसते सोबत फिरतात. ते रुळतात पहिल्या तीन गिअरमध्ये.

नव्या दात्याचा पृष्ठभाग डोळ्यांना गुळगुळीत दिसला तरी त्यावर सूक्ष्म उंचवटे असतात. भार आला की दोन दात्यांमधला तेलाचा थर त्या उंचवट्यांपेक्षाही पातळ होतो आणि धातू धातूला टेकतो. बेताच्या भारात उंचवटे हळूहळू चेपले जातात आणि भार पसरून पेलला जातो. पहिल्याच दिवशी तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर दाबला, तर तिथे क्षणभर धातू चिकटतो आणि फाटून सुटतो. दात्यावर ओरखड्यांचे पट्टे उमटतात, आणि ते नंतर कधीच भरून येत नाहीत.

गिअर बदलताना दोन भागांचा वेग जुळवते ती सिंक्रो रिंग. तिचं काम याहून नाजूक. कॅडिलॅकनं १९२८मध्ये ही सोय सिंक्रोमेश या नावानं बाजारात आणली. एमजीबीच्या पहिल्या गिअरला ती मिळायला १९६७ची अखेर उजाडली. त्याआधीच्या गाडीत पहिला टाकायचा तो गाडी पूर्ण थांबवूनच. पितळी रिंगच्या आतल्या उतारावर बारीक आटे असतात. ते तेल कापून बाजूला सारतात, रिंग गिअरच्या कोनला (शंकूसारख्या भागाला) पकडते आणि दोघांचा वेग एक होतो. नवी रिंग सुरुवातीला मोजक्याच ठिकाणी टेकते. पूर्ण वर्तुळभर टेकायला तिला बरेच सावकाश बदल लागतात.

घाईची किंमत मोजता येते. एमजीबीच्या दुसऱ्या गिअरचं गुणोत्तर २.१७ आणि तिसऱ्याचं १.३८ धरा. इंजिन २,५०० आरपीएमला (मिनिटाला तेवढे फेरे) असताना दुसऱ्यातून तिसरा टाकला तर रिंगला सुमारे ९०० आरपीएमचा फरक पुसावा लागतो. ४,००० ला बदलला तर सुमारे १,४५०. घर्षणाची उष्णता फरकाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे रिंगवर अडीच पट उष्णता. म्हणून सुरुवातीला ३,००० च्या आत बदल करा आणि न्यूट्रलमध्ये क्षणभर थांबून मगच पुढचा गिअर टाका. खालच्या गिअरला येताना डबल क्लच करा, म्हणजे न्यूट्रलमध्ये क्लच सोडून थोडी रेस द्या आणि पुन्हा क्लच दाबून गिअर टाका.

तेलाच्या बाबतीत दुकानदाराच्या सल्ल्यापेक्षा गाडीचं मॅन्युअल प्रमाण माना. एमजीबीच्या गिअरबॉक्सला २०डब्ल्यू-५० इंजिन ऑइलच सांगितलेलं आहे. चारही गिअरला सिंक्रो असलेल्या आणि ओव्हरड्राइव्ह (बॉक्समागचं वरच्या गिअरचं जादा युनिट) नसलेल्या बॉक्सला सुमारे ३ लिटर. इतर अनेक जुन्या गाड्यांना जीएल-४ दर्जाचं गिअर ऑइल चालतं. जीएल-५ ‘वरच्या दर्जाचं’ म्हणून ओतू नका. ते डिफरन्शियलच्या (मागच्या ॲक्सलमधल्या गिअरच्या) जबर दाबासाठी असतं. त्यातल्या गंधक-फॉस्फरसच्या जादा मिश्रणामुळे रिंग घसरते, शिवाय तापल्यावर गंधक पितळेला खाऊ शकतं.

रस्त्यावर काढण्याआधी गाडी न्यूट्रलमध्ये, क्लच न दाबता, दहा-पंधरा मिनिटं आयडलवर ठेवा. लेशाफ्ट फिरून तेल वर उडवतो आणि ते बेअरिंगपर्यंत पोचतं. मग लेव्हल पुन्हा बघा. ओव्हरड्राइव्ह असेल तर ती हमखास उतरलेली असते. ऑइल सीलही याच वेळी पाहून घ्या.

पहिल्या २०० किलोमीटरसाठी नवी मुंबईतला रविवारी पहाटेचा पाम बीच रोड उत्तम. रस्ता सपाट आहे, वाशी ते बेलापूर सिग्नलच्या निमित्तानं सगळे गिअर आपोआप वापरले जातात. त्यानंतर ठाण्यातल्या उपवनहून येऊरला चढणारा रस्ता घ्या. चढताना दुसऱ्या-तिसऱ्यात अर्ध्याहून कमी ॲक्सिलरेटर द्या. उतरताना त्याच गिअरमध्ये पाय काढून गाडी इंजिनावर धरा. दात्याला दोन बाजू असतात आणि मागची बाजू अशा उतारावरच रुळते. संध्याकाळचा घोडबंदर रोड मात्र टाळा. गिअर भरपूर बदलले जातात हे खरं, पण अर्धा दाबलेला क्लच नवी प्लेट जाळतो.

सगळ्यात जास्त तक्रार येते ती ‘नवा बॉक्स आणि तरी गिअर कुरकुरतो’ अशी. बॉक्स उतरवण्याआधी एक चाचणी करा. इंजिन आयडलवर ठेवा, क्लच पूर्ण दाबा, पाच सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. रिव्हर्सला सिंक्रो नसतो. एवढं थांबूनही करकरला, तर दोष रिंगचा नाही. क्लच पूर्ण सुटत नाही. स्लेव्ह सिलिंडरमधली (तेलाच्या दाबानं क्लच सोडवणाऱ्या नळकांड्यातली) हवा आधी काढा. खाडीकाठच्या दमट हवेत गाडी पावसाळाभर उभी राहिली असेल, तर गंजानं क्लच प्लेट इंजिनाच्या फ्लायव्हीलला चिकटलेलीही असू शकते. रिव्हर्स गुपचूप पडला आणि फक्त दुसरा कुरकुरला, तर मात्र रिंगकडे बघा.

ॲक्सिलरेटरवरून पाय काढताच तिसरा गिअर उडी मारून बाहेर येत असेल, तर ‘रुळेल हळूहळू’ या आशेवर राहू नका. तो दोष गिअर सरकवणाऱ्या सिलेक्टर फोर्कचा, त्याला जागेवर धरणाऱ्या डिटेंट स्प्रिंगचा किंवा गिअरच्या बाजूच्या ढिलाईचा असतो. खालच्या गिअरमधली बारीक शीळ कमी होऊ शकते. जुन्या गिअरला नवा जोडीदार दिला असेल तर ती राहतेच. ठरावीक लयीत ठोका ऐकू आला तर गाडी तिथेच थांबवा. बहुधा दाता तुटलेला असतो.

५०० किलोमीटरला गाडी फिरवून आणा आणि तेल गरम असतानाच काढा. चुंबकी ड्रेन प्लगवर करड्या रंगाचा मऊ लेप दिसला तर ठीक. बोटांवर चोळून त्यात कण लागत नाहीत ना ते बघा. तेलात सोनेरी चमक थोडी चालेल, ती रिंगची आहे. नखाला लागणारा पोलादी तुकडा चालणार नाही. १,५०० ला पुन्हा तेल बदला आणि तोवर पूर्ण भार देऊ नका.

वाटेत गाडी बंद पडली, तर मागची चाकं रस्त्यावर ठेवून ओढून नेऊ नका. इंजिन बंद म्हणजे लेशाफ्ट बंद, आणि मेनशाफ्ट मात्र चाकांबरोबर कोरडा फिरत राहतो. गाडी उचलून नेणारा फ्लॅटबेड ट्रक मागवा, नाहीतर गिअरबॉक्सला मागच्या ॲक्सलशी जोडणारा प्रोपेलर शाफ्ट सोडवा.