माउस हलतो, बाण हलत नाही: बिघाड शोधायचा कुठे?

जूनमध्ये शाळा-कॉलेजचे प्रवेश सुरू झाले की जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या सेतू केंद्रांवर दाखल्यांसाठी गर्दी उसळते. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर. अर्ज अर्धा भरून झालेला असतो आणि स्क्रीनवरचा बाण जागच्या जागी थिजतो. मग माउस टेबलावर आपटला जातो, वायर काढून पुन्हा खोचली जाते आणि शेवटी बटण दाबून कॉम्प्युटरच बंद केला जातो. भरलेला अर्ज गेला, रांगेतल्या माणसाचा दिवस गेला. पुष्कळदा नवा माउसही येतो आणि थोड्या दिवसांनी तोही तसाच वागू लागतो, कारण बिघाड माउसमध्ये नव्हताच.

बाण माउसमध्ये नसतो, ही गोष्ट नीट समजली की निम्मं काम होतं. माउस फक्त ‘इतका उजवीकडे सरकलो, इतका वर सरकलो’ एवढंच कळवतो. यूएसबीचा साधा माउस असेल तर कॉम्प्युटर त्याला सेकंदाला साधारण 125 वेळा विचारतो, ‘काही हालचाल?’ आलेल्या आकड्यांची बेरीज करून बाण कुठे असावा हे विंडोज ठरवतं. आणि प्रत्यक्ष बाण काढतो ग्राफिक्सचा भाग, तोही बहुतेक वेळा बाकीच्या चित्रापासून वेगळ्या थरावर. म्हणूनच एखादा प्रोग्राम पूर्ण अडकलेला असतानाही बाण त्याच्यावरून सहज फिरतो.

त्यामुळे पहिल्यांदा फक्त बघायचं. बाण फिरतोय पण क्लिक लागत नाही? मग माउस ठीक आहे, अडकलाय तो प्रोग्राम. बाण थिजलाय, पण कीबोर्डवरून अक्षरं उमटताहेत? मग दोष माउस, वायर, पोर्ट किंवा ड्रायव्हर (माउस आणि विंडोज यांची गाठ घालून देणारा छोटा प्रोग्राम) यांच्यापैकी कुठेतरी. बाण दिसत नाही, पण उजवं बटण दाबलं की मेनू उघडतो? मग माउसची खबर पोचते आहे, बाण काढणारा भाग चुकतो आहे. आणि बाण, कीबोर्ड दोन्ही थंड असतील तर कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा लावायचा की विझवायचा हे विंडोज ठरवतं, म्हणून दिवा बदलला तर आत अजून जीव आहे, दोन-तीन मिनिटं थांबण्यात अर्थ आहे. दिवा ढिम्म राहिला तरच पॉवरचं बटण.

आता माउसच्या पोटात डोकावू. डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेवरून 1964 मध्ये बिल इंग्लिश यांनी बनवलेला पहिला माउस लाकडी खोक्याचा होता आणि त्याखाली काटकोनात बसवलेली दोन चाकं होती. पुढे चाकांच्या जागी गोळी आली. त्या गोळीला चिकटलेला मळ नखाने खरवडून काढणारी पिढी अजून कामावर आहे. आजच्या ऑप्टिकल माउसखाली मात्र एक इवलासा कॅमेरा असतो. एलईडीचा उजेड टेबलावर तिरपा पडतो, त्यामुळे पृष्ठभागाच्या बारीक उंचसखलपणाच्या सावल्या पडतात आणि हा कॅमेरा सेकंदाला हजाराहून जास्त वेळा त्यांचं चित्र घेतो. चित्र अगदी लहान, काही शे ठिपक्यांचं. मागच्या चित्रातली खूण पुढच्या चित्रात किती सरकली यावरून चिप हालचाल मोजते. सेकंदाला हजारवेळा हा हिशेब, तोही बोटाच्या पेराएवढ्या चिपमध्ये! मला हे आजही विलक्षण वाटतं.

आणि इथेच आपला कापूस आडवा येतो. दिवाळीनंतर जिनिंग सुरू झाल्या की त्यांच्या ऑफिसात, वजनकाट्यावर, आसपासच्या दुकानांत रुईचे तंतू हवेत तरंगत असतात. एखादा तंतू माउसखालच्या भोकात, भिंगाच्या तोंडाशी अडकतो. धावत्या गाडीच्या खिडकीबाहेरची शेतं मागे पळतात, पण काचेवरचा डाग आपल्यासोबतच राहतो. तसा हा तंतू प्रत्येक चित्रात त्याच जागी दिसतो. चिपला वाटतं, काहीच सरकलेलं नाही. बाण थिजतो, किंवा टेबल आणि तंतू यांच्या गोंधळात जागेवरच थरथरतो. माउस उलटा करून भोकात तिरपं पाहिलं की तंतू दिसतो. चिमट्याने अलगद काढायचा, नाहीतर कान साफ करायच्या कोरड्या काडीने टिपायचा. तोंडाने फुंकर मारू नये, ओलावा आत जातो आणि तंतू आणखी चिकटतो.

दुकानांच्या काउंटरवरची काचही अशीच अडचण करते. आरपार काचेतून उजेड खाली निघून जातो, सावल्या पडतच नाहीत, कॅमेऱ्याला धरायला खूण मिळत नाही. खाली वहीचं एक पान ठेवून पाहा. बाण चालू लागला तर माउसवर खर्च करायची गरज नाही. खिडकीतून थेट ऊन माउसवर पडत असेल तर तेही कधी कधी कॅमेऱ्याला दिपवतं.

बिनवायरचा माउस अडखळत असेल तर आधी सेल बदलावा. तो नवा असूनही तेच होत असेल तर रिसीव्हर कुठे लावलाय ते बघा. हे माउस 2.4 गिगाहर्ट्झवर बोलतात आणि यूएसबी 3.0 च्या पोर्टमधून, केबलमधून नेमका त्याच पट्ट्यात रेडिओ गोंगाट बाहेर पडतो. इंटेलने 2012 मध्ये याची सविस्तर मोजमापं प्रसिद्ध केली होती. शेजारच्या निळ्या, म्हणजे यूएसबी 3.0 च्या, पोर्टात हार्ड डिस्क लावली की माउस अडकतो, यामागचं कारण हेच. रिसीव्हर लांबच्या पोर्टात किंवा छोट्या एक्स्टेंशन वायरवर लावला की फरक पडतो.

लॅपटॉपचा टचपॅड वेगळ्याच तत्त्वावर चालतो, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याचा त्रास जास्त होतो असं माझं मत आहे. टचपॅडखाली बारीक विद्युतवाहक पट्ट्यांची जाळी असते. बोट जवळ आलं की तिथली धारकता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, किंचित बदलते, तो बदल चिप मोजते. बदल इतका सूक्ष्म की घामेजलेलं बोटही हिशेब बिघडवतं. स्वस्तातला चार्जर असेल, किंवा तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या कन्व्हर्टरमधून लावला असेल, तर चार्जरमधला विद्युत गोंगाट लॅपटॉपभर पसरतो आणि बोटाची खरी खूण त्यात हरवते. बाण उड्या मारतो, मधेच थांबतो. धातूच्या कडेला हात लावला की झिणझिण्याही येतात. परीक्षा सोपी आहे: चार्जर काढून बॅटरीवर चालवा. बाण शहाण्यासारखा वागू लागला तर टचपॅड निर्दोष. मूळ चार्जर वापरा आणि वायरमनला अर्थिंग तपासायला सांगा. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो, जमिनीला भेगा पडतात आणि अर्थिंगच्या खड्ड्यातली ओलही आटते. कोरडी माती विजेला वाट देत नाही. म्हणूनच जुनी माणसं त्या मीठ-कोळशाच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी ओततात, आणि ते बरोबरच करतात. हा प्रश्न बाणापुरता नाही, घरातल्या माणसांच्या सुरक्षेचा आहे.

त्याच उन्हाळ्यात बाण थांबत-थांबत, टप्प्याटप्प्याने सरकत असेल आणि पंखा जोरात घोंघावत असेल तर प्रोसेसर तापून स्वतःचा वेग कमी करतो आहे. पंख्याच्या जाळीतली धूळ आणि रुई काढा.

बाण थोडा वेळ हात काढला की मरतो आणि वायर काढून लावली की जगतो, अशी तक्रार असेल तर वीज वाचवायला विंडोजच तो पोर्ट झोपवत असतं. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘यूएसबी रूट हब’च्या पॉवर मॅनेजमेंटमधली, वीज वाचवायला उपकरण बंद करू देणारी खूण काढली की ते थांबतं.

बाण गायबच झाला तर? टाइप करताना बाण लपवण्याची सोय माउसच्या सेटिंगमध्येच असते, माउस हलवला की तो परत येतो. शाळेत प्रोजेक्टर जोडला असेल तर बाण बहुधा उजव्या कडेवरून दुसऱ्या पडद्यावर गेलेला असतो. विंडोजची कळ आणि पी दाबून ‘डुप्लिकेट’ निवडा. लॅपटॉपवर एखाद्या फंक्शन कळीने टचपॅड चुकून बंद झालेला असू शकतो. यातलं काहीच नसेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबा. स्क्रीन क्षणभर मिचकते, ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो, उघडी कामं तशीच राहतात.

आणि भर गर्दीत बाण थिजलाच, तर डावीकडची ऑल्ट, डावीकडची शिफ्ट आणि नम लॉक एकत्र दाबून एंटर करा. आता आकड्यांच्या कळा माउसचं काम करतात: 8 ने वर, 2 ने खाली, 4 ने डावीकडे, 6 ने उजवीकडे, 5 ने क्लिक. नम लॉकचा दिवा मात्र लागलेला हवा. या कळांनी बाण हलला तर विंडोज आणि ग्राफिक्स शाबूत आहेत, शोध माउस, वायर, पोर्ट आणि ड्रायव्हरपुरता उरला. आणि तो घेण्याआधी याच कळांनी बाण अर्जातल्या ‘सेव्ह’वर नेऊन 5 दाबता येतं.